तांबडीच्या अंड्यातलं रगात

सासूच्या घरात राहून, सासूच्याच फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या जुडीमागं काहीतरी दडवून ठेवायचं आणि वर तोंड करून "आत्या, चहा टाकू का?" म्हणून विचारायचं, ही कुठल्या घराण्याची रीत, असा गोजरबाईचा सवाल होता. सवाल तिनं सुनेला विचारला नव्हता. शेजारच्या साळुबाईला विचारला होता, म्हणजे अर्ध्या शिनोली गावाला विचारल्यासारखाच.

"हाय काय त्यात?" साळुबाईनं मिश्रीचं बोट तोंडातून काढून विचारलं.

"बाटली. अंगठ्याएवढी, खोक्यात घातलेली. वर समदं विंग्रजी."

"शुगरचं आसंल."

"गरवार बाईला सातव्यात कसली शुगर? आन आसली तर दडवायची कशाला? माझ्या भावाची शुगरची बाटली त्याच्या फ्रिजमधी वरसानुवरसं बसलीय, जावयासारखी. कुणी कोथमिरीमागं ढकलली न्हाई तिला."

साळुबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मंचरला ती एकटीच जाती म्हणं."

साळुबाईनं सुनेचं काही बोलावं हे तिला खपत नव्हतं. सुनेचं वाईट बोलायचा हक्क घरच्यांचा. पण शब्द कानात शिरला तो शिरलाच.

खरी गोष्ट तिनं साळुबाईलाही सांगितली नव्हती. दोन दिवसांमागं दुपारची ती पडवीत वाल निवडत बसली होती. आत उज्ज्वला आपल्या बहिणीशी, रत्नाशी, फोनवर बोलत होती. भिंत कुडाची. कुडाच्या भिंतीला कान लावावा लागत नाही, तीच ऐकवते.

"अगं, माझं निगेटिव्ह आणि ह्यांचं पॉझिटिव्ह," उज्ज्वला म्हणत होती. "बाळाचं रक्त माझ्या रक्ताशी जुळणारं नसेल बहुतेक, डॉक्टर बाई म्हणाल्या. नाही गं, आत्यांना अजिबात सांगायचं नाही. कळलं तर मला घरात ठेवायच्या नाहीत."

गोजरबाईच्या हातातला वाल सुपात पडला.

रक्ताच्या बाबतीत तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली, पण तीन पोरं जन्माला घातली होती आणि वाडीतली कितीतरी हातावर झेलली होती. बाईचा विटाळ थांबतो तो काय उगाच? तेच रगात आत साठतं, त्याचा गोळा होतो, गोळ्याला हातपाय फुटतात. पोर म्हणजे आईचं रगात. नवऱ्याचं म्हणाल तर लग्न करून आलेली बाई त्याच्या घरचं मीठ खाते, त्याचं रगात तिच्यात मुरतं. तेही जुळायलाच पाहिजे. मग पोटातल्या पोराचं रगात पोटाशीच जुळत नाही याचा अर्थ काय? अर्थ एकच. तिसऱ्याच कुणाचं तरी आत आलंय.

त्याच रात्री तिनं लेकाला, सुनीलला, फोन लावला. तो रांजणगावला कंपनीत, सुट्टीला तेवढा घरी यायचा.

"तुझ्या बायकोचं चाललंय तरी काय?"

"आई, तू त्यात पडू नको. डॉक्टर बघतायत," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हणजे लेकाला तर पार भुलवलेलं. आता राहिलं कोण? गोजरबाई.

दुसऱ्या दिवशी तिनं सुनेवर पाळत ठेवली. उज्ज्वला शिकलेली, लग्नाआधी आश्रमशाळेवर विज्ञान शिकवायची. बोलणं गोड, चालणं हळू. अशा बायकांचाच भरवसा नसतो. दर थोड्या वेळानं ती फ्रिज उघडी, कोथिंबीर बाजूला करी, बघी आणि पुन्हा लावी. लाईट गेली तर कावरीबावरी होई. शुक्रवारी घोडेगावच्या बाई डॉक्टरांकडं जायचं आहे, एवढं एकदाच म्हणाली. कशाला, ते म्हणाली नाही. गोजरबाईनं विचारलं नाही. विचारलं की समोरची सावध होते.

गुरुवारी संध्याकाळी उज्ज्वला न्हाणीत गेल्याबरोबर गोजरबाईनं खोकं उघडलं, बाटली मुठीत घेतली, रिकामं खोकं पुन्हा कोथिंबिरीमागं सारलं. बाटली हातात असली की सून आपसूक बोलेल, हा हिशेब. आता ठेवायची कुठं? कपाट सून आवरते. कणगीत सून हात घालते. देवघर तर सूनच पुसते. एकच जागा अशी होती जिथं या घरात गोजरबाईशिवाय कुणी हात घालत नव्हतं, आणि ती म्हणजे कवडीचं पोट.

कवडी म्हणजे ठिपक्यांची कोंबडी. खुडूक बसलेली, टोपल्यात, मागल्या दारी. खुडूक कोंबडीच्या वाटेला शहाणा माणूस जात नाही. गोजरबाईनं तिच्याखाली अंडी घातली होती ती मात्र तिची नव्हती. ती तांबडीची. तांबडी म्हणजे गोजरबाईची सगळ्यात गुणी कोंबडी. रविवारी सुनीलचा साडू जेवायला आला, आणि हाताला लागली ती नेमकी तीच. रस्सा झाला, साडूनं बोटं चाटली, आणि गोजरबाई दिवसभर हळहळली. वंश तरी राहावा म्हणून तिनं तांबडीची जमवलेली अंडी त्याच सांजंला कवडीखाली घातली, प्रत्येकावर कोळशाची एक रेघ ओढून, आणि भाताच्या तुसाखाली विळा ठेवून. वळवाचे ढग गडगडले की लोखंडावाचून अंडी वाया जातात. पुढं बुधवारी सांजंला कडब्याच्या गंजीत तांबडीनं चोरून घातलेली आणखी काही सापडली. त्यातली दोन तिनं दोन रेघा ओढून कवडीखाली सारली, बाकीची स्वैपाकघरात शिंकाळ्यात ठेवली.

तर कवडीच्या पोटाखाली, उबदार तुसात, तिनं बाटली खुपसली. कवडीनं मनगटाला चोच मारली. "तूबी तिच्याच बाजूची का गं?" म्हणून गोजरबाई आत आली.

शुक्रवारी सकाळी उज्ज्वलानं खोकं उचललं आणि ते हलकं लागलं. गोजरबाई भाकरी थापत होती, पाठमोरी, पण सगळं अंग कान झालेलं. फ्रिज उघडला. मिटला. पुन्हा उघडला. भाजीचा कप्पा ओढला. उज्ज्वलानं केराची बादली उपसली, पोत्यामागं पाहिलं. पण विचारलं नाही.

चोराच्या मनात चांदणं, गोजरबाई मनात म्हणाली आणि भाकरी उलटली.

शेवटी सून चुलीपाशी येऊन उभी राहिली. "आत्या, फ्रिजमधली बाटली कुणी घेतली?"

"कसली बाटली?"

"औषधाची. माझी."

"तुजी हाय व्हय? मला वाटलं कोथमिरीची हाय. तिच्यामागंच ऱ्हात व्हती."

"आत्या, चेष्टा नको. ते गार ठेवायचं असतं. आज मला ते टोचून घ्यायचंय."

गोजरबाईनं भाकरी तव्यावरून काढली, हात पदराला पुसले आणि वळली. "आधी मला सांग. पोर कुणाचं?"

उज्ज्वला नुसती बघत राहिली.

"बघती काय? मी समदं आयकलंय. पोराचं रगात तुज्या रगताशी जुळंना. तुजं न्हाई, मग कुणाचं? मंचरला कोण हाय?"

"मंचरला मेडिकल आहे," उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज चढला. "घोडेगावात मिळेना म्हणून तिथून आणलं. आणि बाळाचं रक्त ह्यांच्यावर गेलेलं असणार. तुमच्या लेकावर. माझ्यापेक्षा वेगळं."

"मला शिकवू नगंस. पोर आईच्या रगताचं व्हतं. तुज्या पोटात दुसरं रगात येईल कुठनं?"

"येत नाही. त्याचं ते तयार करतं."

"वा गं वा! रगात काय दही हाय, सोताच लागायला?"

"दह्याला विरजण तरी लागतं," उज्ज्वला म्हणाली. "माझी बाटली कुठंय?"

गोजरबाईनं मागल्या दाराकडं नुसतं पाहिलं. पाहायला नको होतं. सुनेनं नजरेचा माग धरला आणि सात महिन्यांचं पोट सावरत ती टोपल्यापाशी गेली.

"तिथं? कोंबडीखाली? आत्या, तिथं भट्टी असते हो!"

तिनं हात घातला. कवडी फडफडली, चोच मारली. उज्ज्वलानं बाटली ओढली आणि तिच्याबरोबर एक अंडं घरंगळून शहाबादी फरशीवर फुटलं. एका रेघेचं.

दोघी वाकल्या. भांडण जागच्या जागी थांबलं.

पिवळ्या बलकावर तांबड्या बारीक रेषांचं जाळं पसरलं होतं, वाळक्या पिंपळपानावर शिरा उठतात तसं. मधोमध मोहरीएवढं काहीतरी होतं, आणि ते उडत होतं. लप, लप, लप. मग मंद झालं. मग राहिलं.

"आरं द्येवा," गोजरबाई म्हणाली. अंड्यावर बसवलेल्या कोंबड्या तिनं जन्मभर पाहिल्या होत्या, पण अंडं मध्येच फोडणं म्हणजे पाप, म्हणून असलं काही कधी पाहिलं नव्हतं. पण पाप झालंच होतं, आणि तिचा संशय पापापेक्षा मोठा होता. "हे कवडीचं रगात. बसून बसून तिनंच दिलं."

"कवचातून?"

गोजरबाई विचारात पडली. ती लबाड नव्हती, हट्टी होती. "ऊब देती ती," ती नाइलाजानं म्हणाली. "रगात न्हाई देत. मग घालणारीचं आसंल. तांबडीचं. घालतानाच आत ठिवलेलं."

"मग बघा की," उज्ज्वला म्हणाली. "शिंकाळ्यात तिचीच अंडी आहेत."

गोजरबाईनं शिंकाळ्यातलं अंडं आणलं आणि ताटलीत फोडलं. बलक, पांढरं, बस. तिनं ताटली दारात उजेडाला धरली, बोटानं बलक फिरवला, खालून पाहिलं, वरून पाहिलं. लाल म्हणून काही नव्हतं. तांबडीनं काहीही ठेवलं नव्हतं.

मग तिनं जे केलं ते उज्ज्वलालाही अपेक्षित नव्हतं. तिनं कवडीच्या पोटाखाली हात घालून दोन रेघांचं एक अंडं काढलं, उशिरा घातलेलं, आणि तेही फोडलं. यात पिल्लू म्हणावं असं काही नव्हतं. नखाएवढी एक फिकट काडी तेवढी. पण काडीपासून दूर, बलकाच्या कातडीवर, कडेकडेनं तांबूस ठिपके उठले होते. गोवर निघतो तसे, सुटेसुटे. काही ठिपके एकमेकांना चिकटायला लागले होते.

"हितं कसं आलं?" गोजरबाई पुटपुटली. "पिल्लू तर मधी. रगात लांब काठाला."

"तिथंच आधी होतं," उज्ज्वला म्हणाली. राग विसरून तिच्यातली मास्तरीण जागी झाली होती. "अंगात नाहीच होत आधी. बाहेर, बलकाच्या कातडीवर होतं. ठिपका ठिपक्याला जोडला जातो, त्याच्या नळ्या होतात, मग ते आत वाहत जातं. माणसाचंही असंच. पोटात गर्भाला एक बारीकशी पिशवी असते, तिच्यावर पहिलं रक्त. मग ते काम कलेजीकडं जातं. आणि दिवस भरत आले की हाडांच्या पोकळीत. मग जन्मभर हाडांतच."

"म्हंजे ते बिऱ्हाड हलवीत जातं."

"हो."

गोजरबाई फरशीवर बसली. तिचं माहेर डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आधी नदीकाठचं घर, मग टेकाडावरचं छप्पर, मग सरकारनं दिलेली जागा. बिऱ्हाड हलतं आणि माणूस तेच राहतं, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. पण ती इतक्यात हार मानणारी नव्हती.

"आन ही तांबडी," ती म्हणाली, "ती तर तुज्या मेव्हण्याच्या पोटात गेली. रविवारीच. आन हे रगात त्याच्यामागनं झालं." तिनं बोटांवर मोजलं. "घालणारी मेली. बसणारी परकी. तरी झालं."

"तेच तर मी सांगते."

"तू न्हाई सांगत. मी बघतीया," गोजरबाई खेकसली. "पर मग आईचं रगात जातं कुठं? पोर खातं काय?"

"मध्ये पडदा असतो. कुंपणावरून साळुमावशी तुम्हाला भाजी देतात की नाही, तसं. भाजी येते, साळुमावशी घरात येत नाहीत."

"आली आसती तर बरं चाललं आसतं व्हय."

उज्ज्वलाला हसू यायला हवं होतं. पण ती हातातल्या बाटलीकडं बघत होती. ती गरम लागत होती, नुकत्या घातलेल्या अंड्यासारखी. "हे वाया गेलं," ती म्हणाली. "रात्रभर उबेत राहिलं. आता याचा भरवसा नाही."

"काय व्हतं ह्यानं? आन न्हाई घेतलं तर?"

"बाळंतपणात, कधी आधीही, त्याच्या रक्ताचे थेंब पडदा ओलांडून माझ्यात येतात. माझं रक्त त्यांना परकं समजतं आणि मारायला शिकतं. हे बाळ बहुतेक सुटतं. पुढच्याला मात्र माझंच रक्त पोटात मारतं. हे औषध माझ्या रक्ताला ते शिकू देत नाही. मागचं तिसऱ्या महिन्यात गेलं तेव्हा घ्यायला हवं होतं, कुणी माझं रक्तच तपासलं नाही. या खेपेला तपासणी चांगली आली, अजून ते शिकलेलं नाही, नशीब." मग तिखट आवाजात म्हणाली, "परकं दिसलं की आधी मारायचं, मग विचारायचं. या घरात माझं रक्त बरं रुळलंय, आत्या."

कुणी गोजरबाईच्या थोबाडीत दिली असती तरी एवढं लागलं नसतं.

मग ती उठली. फरशी पुसली, लुगडं बदललं, पैशाची चंची कमरेला खोचली आणि पायात चपला घातल्या. "चल."

"कुठं?"

"मंचरला. बघू दे मला तुजं मेडिकल."

एसटीचा पत्ता नव्हता. वडापच्या जीपमध्ये गोजरबाईनं दोन माणसं उठवून सुनेला खिडकीशी बसवलं आणि घोडेगाव मागं टाकून त्या मंचरला पोचल्या. औषधाच्या दुकानात तिनं पोऱ्याला बाटली दोनदा फ्रिजमधून काढायला लावली, वरची तारीख वाचून दाखवायला लावली, आणि विचारलं, "हे कशापासनं करत्यात?"

"माणसांच्या रक्तापासूनच, आजी."

"कुणाच्या?"

"ते काय लिहिलेलं नसतं, आजी."

"बघ," ती सुनेला म्हणाली. "हितंबी कुणाचं ते ठाव न्हाई." पण चंची सोडली ती तिनंच.

दुकानात बर्फाची पिशवी उरली नव्हती आणि ऊन तर अंगाचा ताव काढत होतं. बाजाराच्या तोंडाशी डिंभ्याचा गोकुळ मासे घेऊन बसला होता, पेटीत बर्फ. गोजरबाईनं डबा पुढं केला. "टाक ह्यात."

"काकू, मासे घ्या की. बर्फ कुणी इकत घेतं का?"

"इकत कोण घेतंय? टाक म्हणती न्हवं."

"आत्या, वास लागेल त्याला," उज्ज्वला कुजबुजली.

"नाकानं वढायचंय का तुला?"

बाटली पिशवीत, पिशवी बर्फात, बर्फ डब्यात, डबा गोजरबाईच्या मांडीवर. परतीच्या जीपमध्ये तिनं दर वळणाला झाकण उचलून पाहिलं. शेजारच्या माणसानं विचारलं, "कसले मासे, मळे का मरळ?" तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो खिडकीबाहेर बघायला लागला.

घोडेगावला बाई डॉक्टरांनी बाटली गार आहे का ते पाहिलं, मान हलवली आणि सुई टोचली. गोजरबाई पडद्याच्या आत उभी राहिली. बाहेर थांबा म्हटलं तरी थांबली नाही. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "पोराचं रगात आता कुठं तयार व्हतंय? कलेजीत का हाडात?"

डॉक्टर चकित झाल्या. "आता सातव्यात हाडांत सुरू झालंय, आजी. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या घरात मास्तरीण हाय," गोजरबाई म्हणाली. जणू तिनंच नेमली होती.

बाहेर लिंबाखाली दोघी जीपची वाट बघत बसल्या. सुनेनं दंडावर कापूस दाबून धरला होता. मग उज्ज्वलानं विचारलं, "आत्या, अजून संशय आहे?"

गोजरबाईनं डब्यातलं वितळलेलं पाणी लिंबाच्या मुळाशी ओतलं, डबा पालथा घातला आणि तिच्याकडं तोंड करून बसली.

"आयक. तू बदफैली न्हाईस, एवढं मी आज डोळ्यानं बघितलं, आन साळूला मीच सांगीन, तू तोंड उघडू नगंस. पर तू चोरटी हाईस, उज्ज्वला. पोटातल्या लेकराचं औषध कोथमिरीमागं दडवतीस. मी काय तुला खाल्ली आसती? खाल्ली आसती, ते सोड. पुढच्या टायमाला औषध आणलंस तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठिव, उघडल्याबरोबर दिसंल आसं. आन कुणी इचारलं कुणाचं, तर म्हण, गोजरबाईच्या नातवंडाचं."